बारा जणींचा एकच मोबाईल नंबर

"ताई, ओटीपी आला?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाई आला."

संगमनेर तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत. दुपारचे बारा. मंदाताई ज्वारीचा चिवडा करून विकतात, हाताखाली चार बाया. त्यांच्या अन्न परवान्याची मुदत आज संपत होती. आज रिन्यूचा अर्ज गेला नाही तर दंड, आणि परवाना येईपर्यंत भट्टी बंद. गावातल्या लहान उद्योगांचे असे ऑनलाइन अर्ज मार्गी लावणं हे माझं काम.

मी सरपंचांवर घसरलो. "फायबरचं उद्घाटन करून फोटो छापलेत. नेट कुठंय?"

"नेट लई पळतंय, साहेब. सकाळी मोबाईलवर तुमचंच सक्षमीकरणाचं भाषण बघितलं. कुठं अडकलं न्हाई."

नेट खरंच चालू होतं. खातं उघडायचा तात्पुरता आकडा, म्हणजे ओटीपी, जातही होता. पण भलत्याच नंबरवर.

"निलेशचा नंबर हाय त्यो," मंदाताई म्हणाल्या. "माझा फोन मालकांच्या खिशात असतो. फॉर्म भरताना त्यानं सोताचाच टाकला. गावात परवाना काढल्याल्या आमा बारा जनींचा त्योच हाय."

गावात कॉम्प्युटर येणारा निलेश एकटाच. इथं त्याला कुणी पगार दिला नाही, म्हणून चाकणला कंपनीत लागला. तिथं मोबाईल गेटवर जमा होतो. शिफ्ट सुटणार तीनला.

माझं डोकं फिरलं. उद्योग बाईचा, कष्ट बाईचे आणि चावी चाकणच्या गेटवर! हे सक्षमीकरण?

"वरडून त्याचा फोन वाजनार हाय का?" म्हणत मंदाताई शेताकडं गेल्या. नवऱ्याच्या खिशातून स्वतःचा मोबाईल काढून घेऊनच परतल्या.

सव्वातीनला, मिस्ड कॉल बघून, निलेशचा फोन आला. आवाज तुटत होता. पहिल्या आकड्याची मुदत ऐकता ऐकताच संपली. दुसरा मंदाताईंनी मोठ्यानं म्हणत स्वतः टाइप केला. खातं उघडलं. मी रिन्युअलकडं वळलो, तर त्यांनी हात धरला. "आदी नंबर बदला."

नंबर बदलला. मग अर्ज गेला, पोचपावती आली. मी खुर्चीत मागं रेललो. सरपंचांनीही श्वास सोडला.

"निलेश, फोन ठिवू नको," मंदाताई म्हणाल्या. "अकरा जनी भाईर हुब्या हायेत."

आकडे सांगता सांगता त्यानं कंपनीच्या दोन बस सोडून दिल्या.

केबल गावात आली आणि ती वापरणारा गावाबाहेर गेला. एकालाच शिकवलं, की त्याला नोकरी लागल्यावर सगळं गाव लॉगआउट होतं.