खडकावरची ओली पावलं

ही गोष्ट लिहायची मी बरीच वर्षं टाळली. आज सकाळी तलावाकाठच्या खडकावर पाणमांजराची ओली पावलं दिसली. पाच बोटांचे ठसे आणि मधून शेपटीची फरफट. मी वाकून बघतोय तोवर उन्हानं पहिला ठसा वाळलाही.

याच तलावावर मी पाणमांजरांचा आणि त्यांच्या खाण्यातल्या माशांचा अभ्यास करत असे. नमुन्याचे मासे धरायला लावलेलं माझं जाळं पहाटेच काढावं लागे. एकदा मी कंटाळा केला आणि दुपारी गेलो. जाळ्यात अडकून एक मादी बुडून मेली होती. माझी होडी हाकणारे दामूतात्या भोई तिला सोडवताना हळूच म्हणाले, "सायेब, दूध पाजती होती ही."

मी नोंदवहीत मृत्यूचं कारण लिहिलं : मासेमारांचं जाळं. त्या नोंदीवरून पुढे तलावावरची मासेमारी बंद झाली. मासेमारीवरच पोट असलेले तात्या वीटभट्टीवर कामाला गेले. खरं त्यांना ठाऊक होतं, पण ते कुणाला बोलले नाहीत.

खडकावरचं ओलं पाऊल घटकाभरात पुसलं जातं. कागदावरचं खोटं मात्र तसंच राहतं, आणि लोक ते खरं मानून चालतात.

तात्या वारले, त्याआधी एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो. "अजून मोजताय का सायेब?" ते खाटेवरून हसत म्हणाले. "हायत का वो पाणमांजरं?"

"आहेत," मी म्हणालो.

'तात्या, जाळं माझं होतं, मला माफ करा,' एवढंच सांगायला गेलो होतो. चहा प्यालो, आणि चपला घालून निघालो.