केळशीच्या नर रातांब्याचा वाटा

मी हाताने रुजवलेलं झाड तोडायचं ठरलं, कटरवाल्याला शुक्रवार दिला, आणि मला हे कळलं कधी? नातीने फोन ठेवता ठेवता सांगितलं तेव्हा. आधी पावसाच्या गप्पा, मग कोणाच्या तरी बारशाच्या, आणि शेवटी, "आजी, ते रातांब्याचं झाड काढतायत गो." पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणे! झाड म्हणजे काय वाळत घातलेलं लुगडं आहे, ओढलं आणि काढलं?

आता नमस्कार. मी पालीची, संगमेश्वरच्या अलीकडची. गणपतीची पाली ती वेगळी. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तपासत बसू नका. रस्ता बरोबर सांगेन.

हकीकत अशी. माझी नात सायली केळशीला दिली, तेव्हा मी तिच्यासोबत रातांब्याचं रोप पाठवलं. रातांबा म्हणजे ज्याची तुम्ही शहरात कोकमं आणता, तो. आमच्या अंगणातल्या झाडाचं बी. त्या झाडाच्या सोलांवर, म्हणजे वाळवलेल्या सालांवर, पाली बाजारातल्या अर्ध्या घरांची आमटी आंबट होते, खोटं वाटलं तर विचारून या. पण केळशीचं झाड वाढलं, दर हिवाळ्यात फुललं, आणि फळ एक नाही. सायलीची सासू सुमतीबाई, म्हणजे माझी विहीण, घरात दोन खोल्या पाहुण्यांना देते. ती चारचौघांत म्हणाली, "पालीचं झाड वांझोटं निघालं." मी लगेच पिशवी भरली.

बुधवारी सकाळी पालीहून चिपळूणची एसटी धरली. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट, आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा. संगमेश्वरच्या पुढे हायवेचं काम अजून चालूच आहे, धूळ एवढी की खिडकीशी बसलेलीचे केस पांढरे होतात. माझे आधीच आहेत, म्हणून मी बसले. चिपळूण स्टँडवर चहा आणि गरम भजी खाल्ली. चहा पाणचट, भजी चांगली. तिथून खेडवरून दापोली. दापोलीत वाट बघावी लागते, केळशीच्या गाड्या कमी. स्वतःची गाडी असेल तर उजेड आहे तोवर पोचा, शेवटचा रस्ता अरुंद आणि सगळा वळणांचा.

दापोलीच्या गाडीत शेजारी एक पुण्याची बाई होती, केळशीची वाळूची टेकडी बघायला निघालेली.

"आजी, तुम्ही पण फिरायला?"

"नाही. भांडायला."

मग दापोलीपर्यंत तिने मोबाइलमधून डोकं काढलं नाही. माझी झोप छान झाली.

केळशीला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात पाय धुवायच्या आधी झाड बघितलं. बाई गं, काय झाड! सरळ बुंधा, फांद्या खाली झुकलेल्या, शेंड्याला लालसर पालवी. अंगणात पायाला लागेल असा गारवा. वाढवलं मात्र झकास होतं, ते श्रेय मी विहिणीला देते.

"या. तुमचं झाड बघायला आलात ना? बघून घ्या, परवापर्यंतच आहे," सुमतीबाई म्हणाल्या.

"ते वांझोटं नाही. नर आहे."

"फळ नाही ते नाहीच ना?"

"तुमच्या यजमानांना तरी कुठे फळं लागली होती? घरात ठेवलंतच की."

सायली पदर तोंडाला लावून आत पळाली. विहिणीने चहा दिला, बिनसाखरेचा.

लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. रातांब्याचं बी फळातून काढलं की ताजंच लावायचं, सुकवून ठेवलं की उगवत नाही. आणि बियाचं झाड नर की मादी, हे फुलेपर्यंत कोणाला कळत नाही, मलाही नाही. नराला फुलांचे झुबके येतात आणि झडतात. नक्की फळ हवं तर मादीचं कलम आणा. मी रोप दिलं, जन्मपत्रिका दिली नव्हती.

रात्री जेवणात सोलकढी होती. एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. बाटलीतलं लाल पाणी! रातांब्याच्या गावात! पाहुण्यांना हेच देतात म्हणे. मी पिशवीतून माझं आगळ, म्हणजे रातांब्याचा मिठातला रस, काढलं, नारळाचा रस, लसूण, मिरची घालून दुसरी कढी केली. विहिणीने दोनदा घेतली. चांगली झाली असं काही म्हणाली नाही.

गुरुवारी सकाळी गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, पाला खसखसला म्हणून वाकून बघितलं. शेजारच्या मरियमबी रातांबे वेचत होत्या. त्यांचं झाड आमच्यापासून दहा पावलांवर, आणि खाली जमीन लालभडक.

"यंदा मोप लागलेत हो," मी म्हटलं.

"यंदा काय, तीन वर्षं असंच. आधी टोपलीभरसुद्धा नव्हते. आता वाकून वाकून कंबर गेली माझी."

तीन वर्षं. मी सायलीला हाक मारली. "आपलं झाड पहिल्यांदा फुललं कधी गो?"

"वेदूच्या वेळी मला दिवस होते तेव्हा. तीन वर्षं झाली की."

मरियमबींच्या हातातला रातांबा तसाच राहिला. त्यांनी आमच्या झाडाकडे बघितलं, मग स्वतःच्या. आणि गडग्यावरूनच ओरडल्या, "सुमती! अगो सुमती, भायेर ये! तो कटरवाला घरात घेऊ नकोस!"

विहीण बाहेर आली. आमच्या नराचे पराग मरियमबींच्या मादीला लागतात, हे सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे शेणखत माझं, पाणी माझं, आणि रातांबे तुमच्या टोपलीत?"

"मग वाटा मागा," मी म्हटलं. "वळू नेला तर त्याचं देतात ना काही? हाही वळूच आहे, जागेवर उभा राहून काम करतो एवढंच."

मरियमबी हसून खालीच बसल्या. "घ्या वाटा. चार टोपल्यांत एक तुमची. पण पिकलेले रातांबे देईन, आगळ करून नाही देणार. ते तुमचं तुम्ही करा."

"आणि गाड्या? पाहुण्यांनी गाड्या माझ्या डोक्यावर लावायच्या?"

"माझ्या अंगणात लाव. मुलगा कुवेतहून येतो तेव्हाच तिथे गाडी असते. तो आला की दोघी भांडू."

विहिणीने झाडाच्या बुंध्यावर एक थाप मारली. मग आत गेली आणि कटरवाल्याला फोन केला, "येऊ नकोस रे. घरात अडचण आहे." अडचण म्हणजे मी. चालेल.

दुपारी पहिली टोपली गडग्यावरून आली. मी विहिणीला पाटावर बसवलं. रातांबे फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, सालं मिठाबरोबर चिनी मातीच्या बरणीत भरायची. रोज लाकडी डावाने हलवायचं, पंधराएक दिवसांनी गाळायचं, झालं आगळ. सोलं हवी असतील तर सालं त्याच रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, काळी होईपर्यंत. स्टीलच्या डब्यात भरू नका, डबा जातो आणि चवही. विहिणीचे हात कोपरापर्यंत लाल झाले. "हे निघतं का?" म्हणाली. म्हटलं, "नाही. पाहुण्यांना दाखवा."

संध्याकाळी वाळूच्या टेकडीकडे जाऊन आलो. बघण्यासारखी आहे. पुण्याची बाई भेटली. "भांडण झालं का आजी?" म्हटलं, "झालं, आणि जिंकलेही. रातांब्याची कढी प्यायची तर सुमतीबाईंकडे उतरा." मागाहून कळलं, दोन रात्री राहिली.

शनिवारी पालीला परत आले. माझं झाड आहे तसं होतं, खाली सडा पडलेला, सुनेने वेचला नव्हता, ते वेगळं. पण मी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं, आमच्या झाडाचा नर कुठे उभा आहे. ओढ्यापलीकडे सापडला, पडीक जागेत, कोणाच्या मालकीचा कोणास ठाऊक. त्याला घमेलंभर शेण टाकून आले. मला फुकटचं खायची सवय नाही.

सायलीने काल फोनवर सांगितलं, सुमतीबाई आता प्रत्येक पाहुण्याला झाडापाशी नेतात आणि सांगतात, "हा नर. याच्यावर शेजारपाजार पिकतो. लोक तोडायला सांगत होते, मी नाही ऐकलं." कोण लोक? असो. झाड उभं आहे, माझ्या बियाचं आहे, आणि केळशीत त्याचा वाटा मोजून येतो.

खाली काही विचारायचं असेल तर विचारा. रस्त्याचं, एसटीचं, आगळाचं मी सांगेन. पण नर झाड ठेवून काय फायदा, असं कोणी विचारलं, तर सायली, तू मध्ये पडायचं नाहीस. त्याला सुमतीबाईंनीच उत्तर द्यायचं.