शेवाळाचं विरजण

आमच्या टाकव्याच्या बायकांच्या गटात शेवाळापेक्षा भीती जोरात वाढते. एकीचं ऐकून होतंय तोवर दुसरी घाबरलेली असते, त्यामुळे किस्से साठतच जातात.

आम्ही भातासाठी निळं-हिरवं शेवाळ करतो. ते हवेतला नत्र ओढून भाताला देतं, युरिया कमी लागतो. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात माती, पाणी आणि वर मूळ शेवाळाची चिमूट. त्या चिमटीला आम्ही विरजण म्हणतो.

*

पहिल्या वर्षी रेखानं वाळलेल्या शेवाळाच्या खपल्या पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या. पावसाळ्यात कौलं गळली, खपल्या जिवंत झाल्या आणि सासूबाईंच्या अंथरुणावर हिरवं पाणी ठिबकायला लागलं. "सुनेनं घरात कायतरी पाळलंय," असं त्यांनी गावभर केलं. त्या अजून त्या खोलीत झोपत नाहीत.

*

मग शेतकी खात्याच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, अगदी असंच दिसणारं एक शेवाळ साचलेल्या कोमट पाण्यावर येतं, ते विषारी निघालं तर गुरं दगावतात. ओळखायचं कसं? तर मायक्रोस्कोपखाली! आमच्याकडे फक्त सुनंदाचा चष्मा. तेव्हापासून सुनंदा रबरी हातमोजे घालते आणि जेवायला बसल्यावरही काढायला विसरते.

*

यंदा कामशेतच्या बाजारात विरजण मिळालं नाही. रेखानं गुपचूप दगडखाणीच्या डबक्यातला हिरवा थर आणून खड्ड्यात सोडला. आम्हाला कळलं ते शेजारच्या हौसामावशींची म्हैस दावं तोडून आली आणि त्याच खड्ड्यातलं पाणी पोटभर प्यायली तेव्हा. रेखा तिथंच सगळं कबूल करून बसली. "विरजण शेजारून आणलं तरी लागतंच की वो," म्हणून रडायला लागली.

मावशींचं घर त्या एका म्हशीवर चालतं. डॉक्टर आले, तपासलं, नजर ठेवा म्हणाले. आम्ही सगळ्या गोठ्यात बसून. म्हैस रवंथ करताना थांबली की मी उठून तिच्या तोंडाशी कान लावायचे. इतकी मी बाळंतपणातही घाबरले नव्हते.

संध्याकाळी म्हशीनं वैरण खाल्ली, दूधही दिलं. मावशींनी त्याच दुधाचा चहा टाकला. पहिला कप रेखाला दिला, मग आम्हाला.

रेखानं भीत भीत विचारलं, "मावशी, तुमी न्हाई घेत?"

"माजा उपास हाय."

"उपासाला चा चालतो की."

"चालतो. तुमी घ्या आदी."