शून्य रुपयांचं कोटेशन

"तिन्ही दरांत प्रचंड तफावत. शून्य दर संशयास्पद. सबब विषय तहकूब."

खरेदी समितीचा हा शेरा आराधना साळवेनं नितीनकडून दोनदा वाचून घेतला. पहिल्यांदा ऐकल्यावर तिला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. फुकट मिळणारी वस्तू फुकट मिळते म्हणून नाकारली! असा शहाणपणा करायला सात माणसांची समिती लागते, एकट्यादुकट्याचं काम नव्हे.

आता हे घोडं नेमकं कुठं अडलं, ते नीट सांगायला हवं.

आराधना बेलापूरची. चार वर्षांची असताना गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. वडील एलिया मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. त्यांनी लोकांच्या हळहळीकडे लक्ष दिलं नाही, पोरीला अंधशाळेत घातलं, पुढं टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स करायला लावला. तिथून ती या साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर आली, त्याला यंदा बावीस वर्षं झाली. रोज सकाळची एसटी, उतरल्यावर गेटपासून एकशे दहा पावलं, मग जिना, मग खुर्ची. समोरच्यानं नुसतं "हॅलो" म्हटलं की बाई विचारणार, "काय सविताबाई, गुडघा कसा आहे?" माणूस गारच पडायचा.

पण सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि बोर्डाचं काम आटलं. गणपती उठले त्याच आठवड्यात बोर्ड काढून नेला आणि तिच्या टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर आणून ठेवला. एमडी साहेब स्वतः वर आले.

"साळवेबाई, आता इथं शेतकरी मदत कक्ष. ऊसतोडीच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या आणि कॉम्प्युटरवर नोंदवायच्या. हंगाम सुरू होतोय, दिवाळीनंतर दोन आठवड्यांत मी येऊन बघतो. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं तर गेस्ट हाऊसला बसा, पगार चालूच राहील. तुम्हाला उगाच त्रास कशाला?"

त्रास म्हणे! गेस्ट हाऊसला बसणं म्हणजे काय, ते कारखान्यात कुणाला सांगावं लागत नाही. ज्याला काढता येत नाही आणि ज्याचं काय करायचं ते कळत नाही, त्याला तिथं बसवतात. दुपारी चहा मिळतो आणि महिन्याभरात लोक नाव विसरतात. आराधनाला पगाराची धास्ती नव्हती. बावीस वर्षं कामाला आलेल्या बाईला कुणीतरी दयेनं एका कोपऱ्यात ठेवून देणार, ही धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर विभागाचा नितीन मशीन तयार करायला आला. पोरगा मनानं चांगला, फक्त ऐकून घेण्याआधी हात चालवायची सवय. पेनड्राइव्ह लावून तो सुरूच झाला.

"ताई, फुकटात मिळणारं जे जे चांगलं आहे ते सगळं टाकतो. पीडीएफ वाचायचं, झिप सोडवायचं, फोटो बारीक करायचं, व्हिडिओ लावायचं..."

"नितीन, मी व्हिडिओ लावून काय करू रे?"

तो ओशाळला. "मग काय टाकू?"

"एकच टाक. पडद्यावरचं वाचून दाखवणारं. एनव्हीडीए नाव आहे. तेही फुकटच आहे."

पुण्याला दहा दिवसांच्या शिबिरात ती ते शिकली होती. बोट ज्या कळेवर पडेल ती कळ बोलते, पडद्यावरची ओळ बोलते, मराठीही बोलते. आंधळ्या माणसांनीच आंधळ्यांसाठी बनवलेलं, कुणी पैसा मागत नाही. मशीनमध्ये आधीपासून एक बोलणारा होता म्हणा, पण मराठी अक्षर समोर आलं की त्याची दातखीळ बसायची. आणि कारखान्याच्या तक्रारी काय इंग्रजीत येणार होत्या?

नितीननं हात आखडला. "ताई, ते यादीत नाही."

गेल्या वर्षी ऑडिटमध्ये चोरीची सॉफ्टवेअरं सापडली होती. तेव्हापासून नियम झाला, की मंजूर यादीबाहेरचं काहीही घ्यायचं असेल तर खरेदी विभागातून घ्यायचं, तीन कोटेशनं लावून. व्हिडिओ लावायचं यादीत होतं. फोटो बारीक करायचं यादीत होतं. आंधळ्या बाईला मशीन वापरता येईल असं एकही यादीत नव्हतं, कारण यादी केली तेव्हा कुणाच्या डोक्यात आंधळी बाई नव्हतीच.

ती खरेदी विभागात गेली. तिथले सहादेवभाऊ तीस वर्षांचे मुरलेले कारकून.

"किंमत काय म्हनलात?"

"शून्य."

"बाई, फुकट हाय म्हंजी बिल न्हाई. बिल न्हाई म्हंजी नोंद न्हाई. मंग नोंद नसताना ही वस्तू कारखान्यात आली कशी, आसं ऑडिटर मलाच इचारनार."

"भाऊ, ती वस्तू नाही हो. तिला धरता येत नाही, ठेवता येत नाही."

"मंग तर लईच अवघड झालं," सहादेवभाऊ म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. तो पुसल्याचा आवाजसुद्धा तिला सहन होईना.

तीन कोटेशनं म्हणजे तीन कोटेशनं. आराधना फोनला बसली. नगरचा पहिला दुकानदार हसत सुटला. "शून्याचं कोटेशन? मॅडम, माझ्या लेटरहेडलाच त्याच्यापेक्षा जास्त खर्च येतो." दुसऱ्यानं परदेशी कंपनीचं तसलंच सॉफ्टवेअर पंच्याण्णव हजारांना देतो म्हणून त्याच दिवशी कागद धाडला. तिसरा म्हणाला, फुकटचंच टाकून देतो, पण टाकायचे साडेसात हजार होतील. शेवटी तिनं पुण्याच्या संस्थेच्या हातापाया पडून एक पत्र मिळवलं, की सदर सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्या पत्रावर आकडा नाही म्हणून सहादेवभाऊंनी ते परत पाठवलं. संस्थेनं 'रुपये शून्य फक्त' असं लिहून पुन्हा दिलं. यात दसरा गेला, दिवाळी गेली.

आणि मग समितीनं तो शेरा मारला.

त्या संध्याकाळी ती एसटीत खिडकीकडे तोंड करून रडली. शेजारच्या बाईनं "काय झालं ग, माय?" म्हणून विचारलं, तर काय सांगणार? घरी आई, दयाबाई, भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, बसलीस गेस्ट हाऊसला तर काय बिघडतंय? इतकी वर्षं राबलीस. देवानं सुख दिलंय तर घे की."

समितीचा शेरा परवडला, असं आराधनाला झालं. घरच्या माणसानंही तेच बोलावं! ती ताटावरून उठली. आईला वाटलं भाजी तिखट झाली.

सकाळी सहादेवभाऊ स्वतः जिना चढून तिच्या टेबलाशी आले. धाप लागलेली. "बाई, रातभर इचार केला. एक वाट हाय. नमुना."

आता हा नमुना काय, तर कंपन्या कारखान्यात ग्रीस, बारदान, बेअरिंग असला माल आधी नमुन्याला देतात. नमुन्याला बिल नसतं, कोटेशन नसतं. गेटवर पंधरा दिवसांची चिठ्ठी फाडायची, बघायचं आणि परत करायचं. सहादेवभाऊंनी चिठ्ठी फाडली, 'सॉफ्टवेअर, नमुना, नग एक.' दोन महिने आराधनाच्या नाकी नऊ आणणारं ते सॉफ्टवेअर नितीननं चार मिनिटांत टाकलं. चार मिनिटं!

मशीन बोलायला लागलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण आराधनाला तो इतका गोड लागला की तिनं उगाचच सगळ्या कळा एकेकदा दाबून पाहिल्या. मग तिनं कारखान्याचा तक्रार नोंदवायचा प्रोग्रॅम उघडला.

"बटन. बटन. बटन. बटन," मशीन म्हणालं.

झालं! कारखान्यानं लाखभर रुपये मोजून करून घेतलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये बटनांवर सुंदर चित्रं होती म्हणे, पण नाव एकालाही दिलेलं नव्हतं. नाव नाही तर मशीन वाचणार काय, कप्पाळ? कंपनीला फोन केला तर म्हणाले, बदल हवा तर वेगळे पैसे पडतील, पत्र पाठवा. आराधनानं फोन आपटला. नितीनला शेजारी बसवून एकेक बटन विचारलं आणि मोजून पाठ केलं. चौथं उत्पादकाचा नंबर, सहावं गाव, नववं जतन करा, अकरावं पुसा. तिसऱ्या दिवशी घाईत नवव्याऐवजी अकरावं दाबलं गेलं आणि पुणतांब्याच्या सात तक्रारी गेल्या. तिनं त्या सातही आठवून पुन्हा भरल्या, नाव, गट, तारखेसकट. त्या दिवशी ती कुणाशी धड बोलली नाही.

दहाव्या दिवशी एमडी साहेब आले आणि मागं उभे राहिले. फोन वाजला. पुणतांब्याची कडूबाई होती, दीड एकर उसाची एकटी धनीण.

"बाई, आमच्या उसाला तोड कवा येनार? तुरं आलं की वं. वजन घटतंय रोज."

"नोंदवते कडूबाई. दीड वर्षाचा आडसालीच ना? मागच्या वर्षी पाणी कमी पडलं होतं तोच गट?"

"व्हय, त्योच."

मशीन बोलत गेलं, आराधनाची बोटं चालत राहिली, नववं बटन दबलं. साहेब म्हणाले, "वा, वा! टेबल तुमचंच." आणि खाली निघून गेले. आराधना कितीतरी वेळ हात मांडीवर ठेवून बसली. तिला वाटलं, सुटले.

कसली सुटते! सोळाव्या दिवशी सकाळी नितीन टेबलाशी आला.

"ताई, नमुन्याची मुदत संपली. काढावं लागेल."

"काढून परत कुणाला पाठवणार आहात?"

"तेच कुणाला कळत नाही. पण रजिस्टरला 'परत' असं लिहायचंय."

"आणि मुदतवाढ?"

"साहेबांची सही लागते. सहादेवभाऊंनी फाईल ठेवलीय, तीन दिवस टेबलावर पडून आहे. दोनदा आठवण केली. साहेब म्हणाले, शून्य रुपयांची फाईल आहे ना, मग घाई काय?"

त्यानं ते काढलं. सॉरी, सॉरी म्हणत काढलं. ती कळ दाबत होती आणि मशीन गप्प होतं. खाली गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडत होत्या, कारखाना पुऱ्या जोरात चालला होता, आणि फोन वाजायला लागले.

पहिला कडूबाईचाच. "बाई, आजून कुनी आलं न्हाई हो."

बावीस वर्षांत आराधनानं साहेब लोकांचा नंबर कुणाला न विचारता दिला नव्हता. मोठमोठ्या माणसांनी गोड बोलून मागितला, दमदाटी करून मागितला, तरी दिला नव्हता. त्याचा तिला अभिमान होता.

"कडूबाई, माझं मशीन आज बंद आहे. नंबर सांगते, लिहून घ्या. एमडी साहेबांचा मोबाईल आहे. थेट त्यांनाच सांगा."

"साह्यबांना? रागवत्याल की."

"रागावू द्या. आणि उचलला नाही तर बंगल्यावरचा घ्या. दोन ते तीन घरीच असतात."

नंतरच्या माणसालाही तेच सांगितलं. त्याच्या नंतरच्यालाही. श्रीगोंद्याचा कार्यक्षेत्राबाहेरचा एक जण होता, त्यालाही दिला. दुपारपर्यंत पासष्ट जणांना नंबर गेला. प्रत्येकाला ती सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगत होती आणि परत म्हणवून घेत होती.

सव्वातीनला साहेबांचा फोन आला.

"साळवेबाई, काय चालवलंय काय हे? सकाळपासून फोन खाली ठेवता येईना. बंगल्यावर मिसेस वैतागल्यात. ती पुणतांब्याची बाई पाचव्यांदा लागली! माझा नंबर दिला कुणी?"

"मी दिला साहेब."

"तुम्ही? अहो, मग तुम्हाला तिथं बसवलंय कशाला?"

"तक्रारी नोंदवायला. पण ज्यानं नोंदवायच्या ते सकाळी काढून नेलं. त्याची फाईल तुमच्या टेबलावर आहे. तीन दिवस झाले."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. मग पेनचं टोपण. मग साहेबांनी कुणाला तरी नितीनला पाठव म्हणून ओरडून सांगितलं. पुन्हा फोनवर आले तेव्हा आवाज जरा खाली आला होता.

"केली सही. कायमची केली. पण बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी असं करायचं? आधी सांगायचं होतंत ना सरळ."

"सांगत होते साहेब," आराधना म्हणाली. "अडीच महिने सांगत होते. पण माझं एकटीचं होतं ना, ते एवढंसंच होतं."