सुई दोघांनी घ्यायची

"सिफिलीस आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच समजावलं, "हा संबंधातून पसरतो. पोटातल्या बाळालाही लागू शकतो. पण पेनिसिलीनच्या इंजेक्शननं बरा होतो, घाबरू नका."

मी बाळंतपणाला सेलूला माहेरी आलेली. अंगावर ना फोड ना खाज. गरोदर बाईचं रक्त तपासतात, त्यात निघालं. अगं बाई! पोटावर हात ठेवून तिथंच रडले.

"नवऱ्यालाही इंजेक्शन पाहिजे, नाहीतर तुम्हाला परत होईल," बाई म्हणाल्या.

घरी येताना आई म्हणली, "कुणाला सांगू नको. सासरचे तुलाच नावं ठेवतील." खरंच होतं ते, बोल बाईलाच लागतो. पण सांगितलं न्हाई तर हे सुई घ्यायला येणार कसे?

आमचे हे मेंढरं घेऊन येलदरीकडं होते. फोन केला तर आधी लय भडकले. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी!" मग आवाज उतरला. लग्नाआधी खालच्या जागी एक फोड आलता म्हणे. दुखला न्हाई, आपोआप गेला, म्हणून उष्णतेचा समजून सोडून दिला. डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, असंच फसायला होतं. फोड जातो, आजार रक्तात राहतो.

राग आला मला, लय आला. फोन आपटावा वाटला. पण मला ऊन लागायलंय म्हणून स्वतःचा पटका सोडून माझ्या डोक्यावर धरणारा माणूस हा. मग मीच म्हणले, "एका मेंढराला खरूज झाली की सगळा कळप औषधानं धुता ना तुमी? तवा चांगली दिसणारी सोडता का?"

पलीकडं हसू फुटलं. मेंढरं भावाकडं देऊन दुसऱ्या दिवशी हजर!

सुई कमरेत देतात, आठवड्याला एक अशा तीन, आणि लय दुखते, खोटं कशाला सांगू. दवाखान्याच्या बाकावर हे तिरके बसायचे, मी हसायची, मग माझी पाळी आली की हे हसायचे.

लेक झाली. तिचं रक्त तपासायला नेलं, तवापासून यांनी चहासुद्धा घेतला न्हाई. "बाळ ठीक आहे," बाई म्हणाल्या, तवा कुठं जीव भांड्यात पडला. बायांनो, तपासणीला लाजू नका, आणि नवऱ्याला हाताला धरून न्या.

सासूबाई नात बघायला आल्या. "सूनबाईला एवढ्या सुया कशाच्या दिल्या?" दवाखान्याचे कागद बघून त्यांनी विचारलं. आईनं मान खाली घातली.

हे लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. म्हणले, "आजार माझ्याकडून आला, आई. हिच्यामुळं लेकरू वाचलं. हिला कुणी काय बोलायचं न्हाई."