मीटर कुणी जाळला

"मीटरला हात लावू नकोस. तू फक्त आकडे लिही."

प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी डेमॉन्स्ट्रेटर मला असं म्हणाले. मराठीत. कोलकात्याच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मराठी कळणारे आम्ही तिघंच. सरांचं घराणं तीन पिढ्या इथलंच. प्रयोगातली माझी जोडीदारीण केंद्र सरकारातल्या एका साहेबांची मुलगी. माझे वडील बराकपूरच्या छावणीत सफाई कामगार. सरांनी आडनाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं. तेवढं पुरलं.

घराबाहेर कुणाच्या तोंडून मराठी ऐकायला मी आसुसलेली होते. ऐकली ती ही.

चार महिने मी आकडे लिहिले. जोडीदारणीने वायरी जोडायच्या, काटा वाचायचा. मी वही भरायची. सर्किट मला तोंडपाठ होतं. अ‍ॅमीटर तारेच्या ओळीत, व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना. व्होल्टला अँपिअरने भागलं की तारेचा रेझिस्टन्स. सगळं कळायचं. हात मात्र टेबलाखाली.

एक दिवस तिने अ‍ॅमीटर थेट बॅटरीला जोडला.

"अगं, असा नको. जळेल," मी म्हटलं.

तिने बघितलंही नाही. चावी दाबली. काटा टोकाला आपटला. जळका वास.

"कुणी केलं?" सर आले.

ती खाली बघत राहिली. तिला त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. माझ्याकडे वळले. आवाज हळू, भाषा मराठी, चेहरा हसरा. लांबून वाटावं, समजावताहेत.

"तुमच्या हातात झाडूच शोभतो. माफीनामा लिही."

कागद पुढे आला. माझे कान पेटले. साहेबांच्या चुका आणि बापाची खाली गेलेली मान, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

"लिहिणार नाही."

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. बंगाली गृहस्थ. सरांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. बंगालीत. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. मीटर कुणी जाळला ते सांगितलं. मग झाडूचं ते वाक्य, शब्दन् शब्द, बंगालीत सांगितलं.

"हिने चुकीचं ऐकलं," सर म्हणाले.

मी जोडीदारणीकडे वळले. "तू सांग. असंच म्हणाले ना?"

तिने वायरी गुंडाळायला घेतल्या.

"दुसरा मीटर द्या. हिला करू दे," विभागप्रमुख म्हणाले.

मी सर्किट जोडलं. पाच रीडिंगं घेतली. पाचही वेळा भागाकार जवळजवळ तोच. त्यांनी वहीवर सही केली आणि निघून गेले. झाडूबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या आठवड्यात सर त्याच खुर्चीत बसलेले. जोडीदारीण दुसऱ्या टेबलावर. माफी कुणी मागितली नाही.

मी माफीची वाट बघत बसले नाही. त्या दिवशीच ठरवलं होतं. माझा अपमान कुणी दोघांपुरता, कानाशी येऊन करणार असेल, तर तो मी चारचौघांत आणीन. सगळ्यांना कळेल त्या भाषेत. एकही शब्द मऊ न करता.