साहेबांचा हात

आण्णासाहेबांच्या घामापेक्षा त्यांच्या भज्यांची गोरोबाला जास्त किळस यायची.

उस्मानाबादच्या अफसर क्लबात गोरोबा मार्कर होता. मार्करनं अंगण झाडायचं, जाळी बांधायची आणि कुणाला जोडीदार नसला की समोर उभं राहून बॅडमिंटन खेळायचं. हा तामलवाडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, निजाम गेला त्या साली चहा द्यायला म्हणून क्लबात शिरला आणि बघून बघून असा खेळायला लागला की अख्ख्या क्लबात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. पण नोकराचा खेळ कोण बघतो?

छपन्न साली आण्णासाहेब बदलून आले. मोठे अधिकारी, आणि पोट त्याहून मोठं. डॉक्टरांनी त्यांना कसरत सांगितली होती. ती ते अशी करत: वेताच्या खुर्चीत बसायचं, मांडीवर कांदाभज्यांची बशी घ्यायची आणि गोरोबाच्या दोरीवरच्या उड्या मोजायच्या. पाचशे झाल्या की तेलकट बोटं गोरोबाच्या रॅकेटच्या मुठीला पुसत म्हणायचे, "चला, अंग मोकळं झालं."

मग खेळ. साहेबांना हरवायचं नाही, एवढंच नव्हे, तर पळवायचंही नाही, ही क्लबाची रीत. पिसांचं फूल अलगद त्यांच्या रॅकेटवर नेऊन ठेवायचं. ते वाकले, "हं, हं" करत धापा टाकायला लागले की पुढचं फूल पोटासमोर, उंच आणि सावकाश. गोरोबानं हे पाच वर्षं केलं. घरी गेल्यावर तो राखेनं हात घासायचा, तरी तेलाचा वास जायचा नाही. स्वतःचीच शिसारी यायची.

एकसष्ट साली लातूरला खुली स्पर्धा निघाली. शाळेच्या हेडमास्तरांनी त्याला शब्द दिला, "जिंकून ये, कवायतीच्या मास्तराची जागा तुझी." झालं. गोरोबानं तीन महिने अंग झिजवलं. पहाटे हातलाईची टेकडी पळत चढायची, उतरताना एका पायावर उड्या, ओढ्याच्या वाळूत बैठका, दुपारी क्लबाच्या भिंतीवर हजार टोले. शरीर कसं वेतासारखं झालं.

शेवटच्या सामन्यात समोर आला महालिंगप्पा, आडत्याचा मुलगा, अंगानं चांगला भरलेला. पहिला डाव गोरोबानं सहज घेतला. दुसऱ्यात चौदा-नऊ. एक गुण, की क्लबाचं तोंड बघायला नको.

तेवढ्यात महालिंगप्पा वाकला आणि धापा टाकायला लागला. "हं, हं."

गोरोबाचा हात आपोआप वर गेला. फूल उंच, सावकाश, महालिंगप्पाच्या पोटासमोर. त्यानं ते खाडकन जमिनीवर मारलं. गोरोबाला वाटलं, चूक झाली. पण पुन्हा तेच झालं. समोरचा जितका दमे, तितका हा हात त्याला सांभाळून घेई. पाय टेकडीवरचे होते, छाती टेकडीवरची होती, हात तेवढा क्लबातला राहिला. तो डाव गेला, तिसराही गेला. लोक हसले. गोरोबा स्वतःच्या मनगटाकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णासाहेब भजं चघळत म्हणाले, "हरलास ते बरंच झालं रे. तू गेला असतास तर माझ्या तब्येतीचं काय?"

साहेबांनी बशी खुर्चीवर ठेवली आणि ते अंगणात आले. गोरोबानं रॅकेट डाव्या हातात घेतली. पहिलं फूल जाळीत गेलं, दुसरं बाहेर.

"उजव्या हाताला काय झालंय?"

"त्यो तुमचा झालाय साहेब. ठिवा तुमालाच. ह्यो अजून कुणाचा न्हाय, ह्याला आता म्या शिकिवणार."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. तिसरं फूल त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि भज्यांच्या बशीत पडलं.